ध्रुवीय प्रकाशाच्या शोधात चालते घर

रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी सूर्यास्तानंतर काही काळ मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश स्पष्ट दिसल्याचे वृत्त त्या वेळच्या वर्तमानपत्राने छापले, आणि मुंबई व एडन यांना जोडणाऱ्या समुद्रतळावरील तारेतून संदेश धाडणे त्या वेळच्या भूचुंबकीय वादळात कित्येक तास दुरापास्त झाल्याचीही नोंद मागे राहिली. नॉर्वे, आइसलंड, कॅनडा यांच्याच नावांशी जोडली गेलेली ही ज्योती एकोणिसाव्या अक्षांशावर, आपल्या कोकणच्या समुद्रावर एकदा अवतरली होती, हे आज कोणास सांगितले तर सहसा विश्वास बसत नाही. परंतु या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्याच प्रांतात लिहिले गेले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाने सूर्यबिंबावरील डागांच्या समूहात अकस्मात उठलेली एक शुभ्र चमक पाहिली, आणि त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकक्षेत्र असे काही क्षुब्ध झाले की कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदवहीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण उमटली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिलेल्या त्याच वेधशाळेत गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी सहायकाचे काम केले होते. पुढे नानाभाई फ्रामजी मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय मोजमापांत व्यत्यय येईल म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस हलविण्यात आले. १८५९ च्या वादळाचे बळ किती होते याचा हिशेब २००३ साली शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो कुलाब्याच्या या जुन्या कागदपत्रांचा.

असे वादळ मात्र शतकातून एखादे येते. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री, म्हणजे २००३ नंतरच्या सर्वांत प्रबळ भूचुंबकीय वादळात, लडाखमधील हानले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरून, क्षितिजालगत लाल आभा टिपली गेली. त्याच रात्री साताऱ्याच्या वा सांगलीच्या आकाशात काहीच नव्हते. तेव्हा सतराव्या अक्षांशावर राहणाऱ्या आपणांस हा प्रकाश पाहावयाचा असेल, तर तो आपल्याकडे येण्याची वाट न पाहता आपण सत्तराव्या अक्षांशाकडे जाणे प्राप्त आहे. अलीकडे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांची मुले स्वीडन, जर्मनी, फिनलंड अशा देशांत नोकरीस आहेत, आईवडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाऊन राहतात, आणि मग एखादे मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने व शौचालय यांनी युक्त असे चालते घर, भाड्याने घेऊन सर्वांनी मिळून उत्तरेस जावे असा विचार घरात निघतो. या विचाराचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र तो तडीस नेताना बहुतेक जण जी चूक करतात, तिच्याविषयी आरंभीच लिहिले पाहिजे. अष्टविनायकाची यात्रा जशी मुक्कामामागून मुक्काम ठरवून करता येते, तशी ही यात्रा करता येत नाही. ध्रुवीय प्रकाश ढगांच्या पुष्कळ वर असतो. म्हणून त्याच्या दर्शनाचा प्रश्न निम्म्याहून अधिक ढगांचा प्रश्न आहे. चालत्या घराचे सारे मोल एवढ्यातच आहे की ढग आले तर तेथून निघून निरभ्र आकाशाखाली जाता येते आणि तेथे पहाटेपर्यंत उबेत थांबता येते. प्रत्येक रात्रीचा मुक्काम आधीच बांधून टाकणाऱ्याने मोटरहोमचे भाडे भरून हॉटेलाची गैरसोय तेवढी विकत घेतलेली असते.

आधी हा प्रकाश उत्पन्न कसा होतो ते थोडक्यात पाहू. कारण पुढील सर्व तजवीज त्यावरच अवलंबून आहे. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा एक प्रवाह अखंड वाहत असतो, त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यास अडविते आणि रात्रीच्या बाजूस स्वतः लांबलचक ताणले जाते. या ताणात साठलेली ऊर्जा मोकळी होते तेव्हा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने ध्रुवप्रदेशाच्या वातावरणात वेगाने उतरतात आणि तेथील ऑक्सिजन व नायट्रोजन यांना प्रदीप्त करतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, २०० किलोमीटरांच्या वरचा विरळ ऑक्सिजन लाल, आणि खालच्या कडेला कधी कधी दिसणारी जांभळी-गुलाबी झालर नायट्रोजनची असते. हा सारा व्यापार चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कंकणाकृती पट्ट्यात चालतो, आणि नॉर्वेचे ट्रॉम्सो, स्वीडनचे किरुना व आबिस्को, फिनलंडचे किल्पिसयार्वी ही स्थळे त्याच पट्ट्याखाली येतात. भूचुंबकीय क्षोभ मोजण्यासाठी केपी नावाचा शून्य ते नऊ असा निर्देशांक आहे; वर्तमानपत्रे पाच-सहाच्या वरचे आकडे पाहून मथळे देतात, पण कंकणाखाली उभ्या असलेल्या माणसास एक किंवा दोनदेखील पुरतो. आकडा लहान दिसला म्हणून बिछान्यात शिरलेल्या प्रवाशाने पुष्कळदा चांगली रात्र गमावलेली असते.

आपल्या भागाच्या वाचकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवितो. याच ऑक्सिजनचा हिरवा व तांबडा प्रकाश, अत्यंत मंद स्वरूपात, आपल्या डोक्यावरील आकाशातही दर रात्री असतो. त्यास वायुदीप्ती म्हणतात, आणि तो सौरवाताच्या आघाताने नव्हे, तर दिवसा सूर्यकिरणांनी विघटित झालेल्या कणांच्या रात्रीच्या पुनःसंयोगाने उपजतो. डोळ्यांना तो जाणवत नाही. परंतु सांगलीहून मोटारीने दोन तासांच्या आत गाठता येणाऱ्या पन्हाळ्यावरून आणि कोल्हापूरहून शास्त्रज्ञांनी तो संवेदनशील कॅमेऱ्यांनी टिपला आहे, व तेथील निरीक्षणांवर शोधनिबंधही प्रसिद्ध झाले आहेत. ट्रॉम्सोला जाण्यापूर्वी घरातील शाळकरी मुलांना हे अवश्य सांगावे.

आता स्थळ. याविषयी विस्ताराने लिहितो, कारण प्रवासाचे यश येथेच ठरते, आणि आपल्या जिल्ह्यांतील माणसास ते समजावून सांगणे सोपे आहे. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस म्हसवडला पाचशे होईलच अशी शाश्वती नसते. सह्याद्रीने ढग अडवायचे आणि माण-खटाव, आटपाडी-जतने कोरडे राहायचे, हा व्यवहार आपण पिढ्यान् पिढ्या सोसत आलो आहोत. उत्तर स्कँडिनेव्हियात हेच घडते, मात्र तेथे पर्जन्यछाया हे प्रवाशाचे भाग्य ठरते. ट्रॉम्सो शहर अटलांटिकच्या उष्ण प्रवाहाच्या काठी वसलेले असल्यामुळे भर हिवाळ्यातही तेथील सरासरी तापमान उणे चार अंशांच्या आसपास राहते. पण हाच समुद्र ढगही पाठवीत राहतो, आणि पर्वतांच्या पश्चिमेस असलेले ट्रॉम्सो या बाबतीत महाबळेश्वराच्या जागी आहे. पूर्वेस लिंगेन पर्वतांच्या आड शिबोत्नचे खोरे लागते, जेथील निरभ्रता पाहून ट्रॉम्सो विद्यापीठाने आपली खगोलीय वेधशाळा उभारली. तेथून पुढे चढून गेल्यावर फिनलंडच्या सरहद्दीवरचे किल्पिसयार्वी येते. ट्रॉम्सोपासून ई-८ या महामार्गाने हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. दक्षिणेस नार्विकमार्गे ई-१० धरल्यास सुमारे तीनशे किलोमीटरांवर आबिस्को लागते. स्वीडनमधील सर्वांत कोरड्या स्थळांत त्याची गणना होते, आणि भोवतालच्या डोंगरांमुळे टोर्नेट्रॅस्क सरोवरावरचे आकाश, आसपास ढग असतानाही, पुष्कळदा मोकळे राहते.

यावरून माझा सल्ला असा की विमानाने ट्रॉम्सोस अथवा किरुनास उतरून तेथेच वाहन ताब्यात घ्यावे आणि ट्रॉम्सो, किल्पिसयार्वी व आबिस्को या तीन बिंदूंच्या मध्ये मोकळे राहावे. ऑस्लो किंवा हेलसिंकी येथून गाडी घेऊन निघण्याचा मोह भाडे स्वस्त दिसते म्हणून होतो. परंतु हेलसिंकीहून रोव्हानिएमीच सुमारे आठशे किलोमीटर आहे आणि कंकणाचा खरा पट्टा त्याच्याही उत्तरेस. दहा दिवसांच्या सुटीतील चार दिवस नुसत्या मजला मारण्यात घालविणे शहाणपणाचे नव्हे. कंकणाखाली निदान सहा रात्री मिळाव्यात. त्याहून कमी असतील तर एकाच ढगाळ सप्ताहात सारा खर्च पाण्यात जाऊ शकतो. ज्यांना या विषयाच्या इतिहासाची गोडी आहे त्यांनी आल्टापर्यंतही जावे. तेथील हाल्डे पर्वतावर नॉर्वेजियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलंड यांच्या प्रेरणेने १८९९ साली ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासाची पहिली स्थायी वेधशाळा उभी राहिली. निर्वात केलेल्या काचपेटीत चुंबकित गोल ठेवून, त्यावर विद्युत्किरण सोडून, ध्रुवांभोवती उजळणारी कंकणे ज्याने प्रयोगशाळेत करून दाखविली, तो हा गृहस्थ.

काळाचा विचार करताना आपले पंचांग अनपेक्षितपणे उपयोगी पडते. उन्हाळ्यात तेथे रात्रच होत नाही. ट्रॉम्सोस साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि ऑगस्ट अखेरपर्यंत आकाश पुरेसे काळोखे होत नाही. सप्टेंबरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंतचा काळ मोकळा राहतो. त्यातही संपाताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिल यांच्या आसपास, पृथ्वीच्या अक्षाची सूर्याशी असलेली स्थिती सौरवाताच्या चुंबकीय प्रभावास अनुकूल होते आणि क्षोभ अधिक वेळा घडतात. १९७३ साली रसेल व मॅकफेरॉन यांनी याची उपपत्ती दिली. शरद संपाताच्या आगेमागे नेमका येणारा कृष्णपक्ष म्हणजे आपला पितृपक्ष. चंद्रप्रकाश नसलेल्या रात्री, बर्फ पडण्यापूर्वीचे कोरडे रस्ते, न गोठलेली सरोवरे आणि संपातकालीन क्षोभ, हे चारही योग त्या पंधरवड्याच्या उत्तरार्धात जुळतात. ज्यांच्या घरी श्राद्धाची तिथी पाळली जाते त्यांनी ती आटोपून निघावे, अथवा अमावास्येनंतर लगेच प्रस्थान ठेवावे. पण पंधरवडा अशुभ म्हणून सरसकट टाकून देऊ नये. आकाशाच्या दृष्टीने त्याहून चांगले दिवस वर्षात फार थोडे आहेत. शेतकरी कुटुंबांना अर्थात दुसरे पंचांग असते. तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागातील द्राक्षबागायतदारास सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीत बाग सोडून जाता येत नाही; त्याने माल उतरल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात जावे. तेव्हा भूमीवर बर्फ असेल व वाहन चालविणे कठीण होईल, परंतु संपाताचा लाभ तितकाच मिळेल. डिसेंबर-जानेवारीची नाताळची सुटी मात्र, मुलांच्या शाळेस सोयीची असली, तरी मोटरहोमसाठी मी सुचविणार नाही. रात्र दीर्घ असते हे खरे, पण अंतर्भागात तापमान उणे तीस अंशांपर्यंत जाऊ शकते आणि दिवसाउजेडी रस्ता दिसण्याचे तास अगदी मोजके उरतात.

सूर्याचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र २०२४ मध्ये आपल्या परमोच्च अवस्थेस पोहोचले. आता वेळ गेली असे समजून कोणी हिरमुसू नये. उतरत्या काळातही सूर्याच्या किरीटातील विवरांमधून वेगवान सौरवात सुटत राहतो, आणि सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरून तेच विवर पुन्हा आपल्यासमोर आणतो. एखाद्या रात्री चांगला प्रकाश दिसल्याचे वृत्त आले तर त्या तारखेत २७ दिवस मिळवून पाहावे. हा अंदाज ढोबळ आहे, परंतु विमानाची तिकिटे काढणाऱ्यास तोही उपयोगाचा.

वाहनाच्या निवडीत घरातील माणसांची संख्या आणि पट्ट्यासह आसनांची संख्या यांचा मेळ आधी घालावा. सहा बिछाने असलेल्या गाडीत प्रवास करताना बसण्याची परवानगी चौघांनाच असू शकते. सामान्य मोटारीच्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतचेच वाहन चालविता येते, आणि त्या वजनात पाणी, सामान व माणसे धरावयाची असतात. गाडी हिवाळी वापरासाठी बांधलेली आहे की नाही, हे भाड्याच्या आकड्यापेक्षाही आधी विचारावे. पाण्याची टाकी व नळ उष्णतारोधक आवरणात आहेत काय, सांडपाण्याची टाकी गोठू नये याची काय व्यवस्था आहे, तापमान तीन-चार अंशांखाली गेले की टाकी आपोआप रिकामी करणारी झडप कोठे आहे, ही उत्तरे लेखी घ्यावीत; झडपेची माहिती नसलेल्या कुटुंबाला सकाळी उठल्यावर सगळे पाणी बर्फात ओतले गेल्याचे आढळते.

गॅसची गोष्ट आपल्या गृहिणींना चटकन उमगेल. आपल्या घरच्या सिलिंडरात ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. त्यांपैकी ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या खाली होत नाही, आणि प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. म्हणून तिकडे थंडीत केवळ प्रोपेनचे नळकांडे घ्यावे. उष्णता देणारा हीटर रात्रभर चालू राहणार असल्याने कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र गाडीत आहे व ते चालू आहे, याची खात्री पहिल्याच संध्याकाळी करावी. वायुवीजनाच्या झडपा थंडी लागते म्हणून कापडाने बुजवू नयेत, आणि ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून निजणे तर सर्वस्वी वर्ज्य. हिवाळ्यात पुष्कळ कॅम्पिंगची मैदाने बंद असतात. जी वर्षभर उघडी असतात त्यांची यादी निघण्यापूर्वीच जवळ असावी, कारण दर दोन-तीन दिवसांनी विजेची जोडणी घेऊन बॅटरी भरणे, पाणी घेणे आणि शौचालयाची पेटी रिती करणे यांस पर्याय नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत थोडी अडचण संभवते. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड हे तिन्ही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने एकाच व्हिसावर तिन्हींत फिरता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत दाखल करता येतो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज त्या देशाकडे करावयाचा, जेथे सर्वांत अधिक रात्री काढावयाच्या आहेत. आता आपला बेत तर रात्री मोकळ्या ठेवण्याचा, आणि वकिलातीस हवा असतो मुक्कामांचा तपशील. यावर प्रामाणिक मार्ग असा की मोटरहोमच्या आरक्षणाचा दाखला, पहिल्या व अखेरच्या रात्रींची आरक्षणे आणि प्रवासाच्या टापूचे निवेदन जोडून मुख्य देश एकच ठरवावा, आणि प्रत्यक्षातही बहुतेक रात्री त्याच देशात काढाव्यात. दुसरा दस्तऐवज म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना. तो आपल्या परिवहन कार्यालयातून मिळतो, त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि मूळ परवाना बरोबर नसल्यास त्याला काही अर्थ राहत नाही. निदान दोघांनी तो काढावा. रात्री जागणाऱ्यानेच दिवसा चालवावयाचे, अशी वेळ एकट्या माणसावर आणू नये.

रस्त्याविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवणे भाग आहे. वाहने उजव्या बाजूने चालतात आणि दिवे दिवसाही लावावे लागतात. १६ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत उत्तर नॉर्वेत खिळ्यांचे टायर वापरण्यास मुभा असते. मार्चमध्ये जाणाऱ्याने ते मागून घ्यावेत. मद्यपानाची मर्यादा नॉर्वे व स्वीडनमध्ये इतकी अल्प आहे की प्यायलेल्याने चाकाला हात न लावणे हाच एक सुरक्षित अर्थ. संधिप्रकाशात रेनडिअरचे कळप संथपणे रस्त्यावर येतात व एक गेला की मागून आणखी येतात. म्हणून पहिला ओलांडून गेल्यावर वेग वाढवू नये. निसर्गात मुक्तपणे हिंडण्याचा जो हक्क तेथील परंपरेने व कायद्याने दिलेला आहे, तो पायी हिंडणाऱ्यास व तंबू ठोकणाऱ्यास आहे. मोटार रस्ता सोडून माळावर घालण्यास तेथे मनाई आहे, आणि वसतीपासून दूर, परवानगीच्या थांब्यावरच रात्र काढावी हे उत्तम.

शिदोरीत सातारी कंदी पेढे न्यावेत असे प्रत्येकास वाटेल. परंतु युरोपात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि तूपही त्यातच येते. त्याऐवजी सांगलीचे भडंग, तासगावचे बेदाणे, कांदा-लसणाचा मसाला, भाजलेल्या डाळींचे मेतकूट आणि ज्वारीचे पीठ न्यावे. अरुंद स्वयंपाकघरात पिठले-भाकरी अर्ध्या तासात होते, आणि रात्रीच्या जागरणात गरम अन्नाइतका धीर दुसऱ्या कशाने येत नाही.

प्रत्यक्ष रात्रीचा व्यवहार असा ठेवावा. दुपारी ढगांचा नकाशा पाहून त्या रात्रीची दिशा ठरवावी. नॉर्वेच्या हवामान संस्थेचे अंदाज यासाठी विश्वसनीय आहेत. अंधार पडल्यावर सौरवाताचे आकडे पाहावेत. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरांवर सूर्याच्या दिशेने ठेवलेली अंतराळयाने सौरवात आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अर्धा ते एक तास त्याची चाहूल देतात. आपल्या इस्रोचे आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरातून सूर्याकडे पाहत आहे, आणि त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडविली आहे. सौरवाताबरोबर आलेले चुंबकक्षेत्र दक्षिणाभिमुख झाले की पृथ्वीची कवाडे उघडतात. त्या क्षेत्राचा आकडा उणे झाला की उबदार कपडे चढवून बाहेर पडावे. आकडे मंद असले तरी दर अर्ध्या तासाने उत्तरेकडे एक दृष्टी टाकण्याचा नेम सोडू नये.

अपेक्षेविषयीही स्पष्ट लिहिणे कर्तव्य आहे. छायाचित्रांतील झळझळीत हिरवा रंग आरंभी डोळ्यांस दिसेलच असे नाही. अंधारात काम करणाऱ्या आपल्या नेत्रपेशींना रंग कळत नाहीत, म्हणून मंद प्रकाश प्रथम राखाडी पट्ट्यासारखा, पांढुरक्या ढगासारखा भासतो, आणि कॅमेरा काही सेकंद उघडा राहून तोच हिरवा दाखवितो. डोळे अंधारास सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइलचा पडदा पाहू नये, बॅटरीवर तांबडा कागद लावावा. प्रकाश वाढला की मात्र रंग आपोआप प्रकट होतात. पडद्याप्रमाणे घड्या पडू लागतात, किरणे आकाशाच्या माथ्याशी एकवटतात, आणि काही मिनिटांतच सारे पुन्हा विरून जाते. त्या मिनिटांत छायाचित्रांच्या खटपटीत पडू नये असे मला तळमळीने वाटते. तिकाठी, पाच ते दहा सेकंदांचे उद्भासन आणि ताऱ्यावर स्थिर केलेले केंद्र ही तयारी आधीच करून ठेवली तर कॅमेरा आपले काम करतो आणि माणूस मोकळा राहतो.

हे सारे प्रथमच परक्या देशात करून पाहण्याऐवजी घराजवळ एकदा करून पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशी वाहने आपल्याकडेही भाड्याने मिळू लागली आहेत. माघातील एखाद्या अमावास्येस माण तालुक्यात अथवा कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोली-तापोळ्याच्या बाजूस, रीतसर परवानगीच्या जागी, सर्व कुटुंबाने एक रात्र गाडीत काढावी. पाणी किती लागते, कोण कोठे निजतो, मध्यरात्री वृद्धांना पायऱ्या उतरता येतात काय, अंधारात कॅमेऱ्याच्या कळा हाताला सापडतात काय, हे त्या एका रात्रीत कळते.

वृद्धांचा उल्लेख मुद्दाम केला. कारण चालत्या घराचा खरा लाभ मला त्यांच्यासाठीच वाटतो. बसने नेणाऱ्या रात्रीच्या सहलीत सत्तरीच्या माणसास चार-चार तास बर्फात उभे राहावे लागते, आणि बहुतेक वेळा ती मंडळी हॉटेलातच मागे राहतात. मोटरहोममध्ये त्यांनी पांघरुणात निजावे, बिछान्याशेजारची खिडकी उत्तरेस येईल अशा बेताने गाडी उभी करावी, आणि घरातील तरुणांनी दोन-दोन तासांचे पहारे वाटून घ्यावेत. जागविताना आतला दिवा लावू नये. हात धरून सावकाश उठवावे आणि जाड कोट आधीच उशाशी ठेवलेला असावा. पहारे पहाटे संपत असल्यामुळे ज्याने शेवटचा पहारा केला त्याने चालकाच्या आसनावर बसू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत गाडी हलविण्याचा कोणताही बेत ठेवू नये.